सीपॅपचा मास्क रात्री गळतो? पट्टे आवळण्याआधी हे तपासा

स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारासाठी) सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सुरू झालं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नव्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "हवा बाहेर जाते." त्यावरचा घरगुती उपायही ठरलेला, पट्टे आणखी आवळायचे. बऱ्याच वेळा गळती त्यानेच वाढते. मग नाकावर वळ उठतो आणि चौथ्या रात्री मशीन कपाटावर जातं. नव्या लोकांना सोबत करताना हाच घोटाळा पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो. तो ज्या क्रमाने सुटतो, तो क्रम इथे दिला आहे. आधी फुकटातल्या तपासण्या, मग थोड्या पैशांच्या, आणि शेवटी जिथे आपण हात थांबवायचा त्या.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी एकत्र दिसतात:

- सकाळी डोळे लाल, कोरडे, खुपल्यासारखे. हवा मास्कच्या वरच्या कडेतून डोळ्यांकडे जाते.
- तोंड आणि घसा ठणठणीत कोरडे, जीभ टाळूला चिकटलेली. ही गळती मास्कची नसून तोंडातून होणारी आहे.
- कूस बदलली की फर्रर्र किंवा शिट्टीसारखा आवाज. बहुधा शेजारी झोपलेल्या माणसाची झोप आधी मोडते.
- मध्यरात्री मास्क काढलेला, आणि कधी काढला ते आठवत नाही.
- नाकाच्या हाडावर लाल वळ, दुपारपर्यंत न जाणारा.
- नळीत पाण्याची गुरगुर, नाकावर गार थेंब.
- मशीनच्या सकाळच्या अहवालात गळतीचा आकडा चढलेला, किंवा हसऱ्या चेहऱ्याऐवजी रडका चेहरा.

फक्त पोट फुगणं आणि ढेकरा ही तक्रार असेल तर ती वेगळी आहे. तिथे हवा गिळली जाते आणि प्रेशरचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो.

कुठली हवा बाहेर जायलाच हवी

मास्कच्या पुढच्या भागात किंवा कोपरासारख्या वळणदार जोडावर बारीक छिद्रं किंवा जाळी असते. आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो. प्रेशर 10 (सेंटिमीटर पाणी या एककात) असेल तर तिथून मिनिटाला साधारण 30 लिटरच्या आसपास हवा सतत जाते, आणि ती जायलाच हवी. ती थांबली तर सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत ओढला जाईल. म्हणून छिद्रांवर चिकटपट्टी, कापूस, रुमाल काहीही लावू नका. पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपणाऱ्यांनीही ते मास्कच्या खालीच ठेवायचं.

मशीन चालू करून मास्क लावा आणि ओला तळहात मास्कच्या कडेने हळू फिरवा. ओल्या हाताला बारीक झोतही लगेच कळतो. छिद्रांपाशी हवा लागली तर ठीक. नाकाच्या बाजूला, गालावर किंवा हनुवटीपाशी लागली तर ती गळती. जागा कळल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण खालच्या प्रत्येक तपासणीचं उत्तर त्या जागेवर ठरतं.

साबण-पाणी: खर्च शून्य, फळ सगळ्यात जास्त

कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, बहुधा सिलिकॉनचं असतं आणि चेहऱ्याच्या तेलाने ते निसटतं. रात्री क्रीम लावून किंवा डोक्याला खोबरेल तेल चोळून झोपायची सवय असेल तर मास्क रात्रभर घसरत राहणार. तेल सकाळी लावा. झोपण्याआधी चेहरा धुऊन कोरडा करा, मग मास्क.

कुशन रोज कोमट पाण्यात, लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब टाकून, बोटांनी चोळून धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात नको, सिलिकॉन आणि प्लास्टिक कडक होतं. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच यांनी सिलिकॉन खराब होतं, शिवाय त्यांचा वास रात्रभर नाकात जातो. पट्टे आठवड्यातून एकदा हाताने धुतले तरी चालतं. ते मशीनमध्ये पिळून काढले की लवकर सैल पडतात.

वाळल्यावर जोडताना कुशन चौकटीत सगळीकडून नीट बसलं का बघा. एका कोपऱ्यात जरी अर्धवट अडकलं तरी तिथूनच हवा जाते, आणि सगळा दोष नाकाच्या ठेवणीवर येतो.

मास्क बसून नव्हे, आडवं होऊन बसवा

पलंगावर बसून, आरशासमोर पट्टे जुळवले तर आडवं झाल्यावर तो हिशोब बिघडतो. झोपल्यावर गालांचं मांस मागे ओघळतं आणि जबडा किंचित मागे सरकतो. शिवाय बरेच जण रॅम्प चालू ठेवून मास्क बसवतात. रॅम्पमध्ये प्रेशर 4 पासून सुरू होऊन हळूहळू वर जातं. 4 ला घट्ट वाटलेला मास्क 11 ला फुरफुरतो, तोवर माणूस झोपलेला असतो. बऱ्याच मशीनमध्ये 'मास्क फिट' नावाची सोय असते. ती चालू केली की काही मिनिटं वाढीव प्रेशर मिळतं. ती नसेल तर रॅम्प बंद करून बसवा.

पद्धत अशी:

1. सगळे पट्टे सैल करा. मशीन चालू करून ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर झोपा.
2. कुशन एका हाताने चेहऱ्यावर धरा. आधी खालचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, मग वरचे.
3. मास्क चेहऱ्यापासून सरळ समोर अर्धा इंच ओढा आणि हळूच सोडा. कुशनची पातळ कड हवेने फुगून आपोआप जागेवर बसते.
4. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत.

तिसऱ्या पायरीत या सगळ्याची मेख आहे. बहुतेक कुशनला बाहेरून एक अगदी पातळ पडदा असतो. आतल्या हवेने तो फुगतो आणि चेहऱ्याला फुग्यासारखा टेकतो. पट्टा आवळला की हा पडदा चेपतो, त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा सुटते. ती थांबवायला माणूस आणखी आवळतो. नाकाच्या हाडावरचा वळ याच चक्रात तयार होतो. गळती डोळ्यांकडे असेल तर वरचा पट्टा ओढायच्या आधी खालचे थोडे सैल करून बघा. खालचे जास्त ओढले की मास्कची वरची कड उचलली जाते.

एकदा जमलं की पट्ट्यांवर पेनाने बारीक खूण करा आणि रोज क्लिपनेच मास्क काढा-घाला. वेल्क्रो रोज उघडला की रोज नवा हिशोब.

चमकी, कवळी, मिशा, उशी

माहितीपत्रकात या गोष्टी क्वचितच सापडतात, पण गळती इथेच असते.

नाकातली चमकी किंवा मोरणी नाकाच्या मास्कच्या कडेखाली येते. रात्रीपुरती काढा. काढायची नसेल तर नाकपुडीला खालून टेकणाऱ्या मास्कचा विचार करा. कवळी रात्री काढून ठेवली की गाल आत बसतात, आणि कवळी लावून बसवलेला तोंड झाकणारा मास्क तिथून गळतो. म्हणून कवळी काढल्यानंतरच पट्टे जुळवा. भरघोस मिशा असतील तर नाकाच्या मास्कची खालची कड केसांवर टेकते. तिथे दाढीच्या दुकानात जाणं नव्या मास्कपेक्षा स्वस्त पडतं. अंबाडा किंवा जाड वेणी मागच्या पट्ट्याला वर ढकलते, झोपताना केस सैल ठेवा.

उशी फार जाड असेल तर कुशीवर वळताच ती मास्कला ढकलते. उशीच्या कडेला मास्क उशीबाहेर राहील असं झोपा, किंवा उशीचा कापूस एका कोपऱ्यात दाबून खळगा करा. नळी अंगाखाली अडकत असेल तर ती डोक्यावरून नेऊन पलंगाच्या पाठीला सैल अडकवा. कूस बदलण्याइतकी ढील हवीच. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांनी नळी खालून आत घ्यावी. वरच्या कडेतून आणली की जाळीच्या ओझ्याने मास्क ओढला जातो.

तोंडाची गळती

नाकाचा मास्क आहे, ओल्या हाताला कडेने काही लागत नाही, तरी तोंड कोरडं आणि अहवालात गळती. म्हणजे झोपेत तोंड उघडतं. जागेपणी खात्री करता येते: मशीन चालू असताना ओठ किंचित उघडा. नाकातून आलेली हवा तोंडातून धबधब्यासारखी बाहेर पडेल. झोपेत नेमकं हेच होतं आणि घशात पुरेसा दाब उरत नाही.

कारण बहुतेकदा चोंदलेलं नाक असतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, तेही उकळून गार केलेल्या पाण्यानेच, आणि ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी मशीनची पाण्याची टाकी) एक-दोन आकड्यांनी वाढवणं एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. नाक मोकळं करायचे मेडिकलमधले थेंब तीन-चार दिवसांपलीकडे रोज वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. हनुवटीचा पट्टा काहींना लागू पडतो, काहींना फक्त गळ्यात अडकतो. नाक मोकळं असूनही तोंड उघडंच राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हा सरळ मार्ग.

तोंडाला टेप लावायची टूम सध्या फार दिसते. आपल्याकडे रात्री वीज जाते हे लक्षात ठेवा. मशीन बंद, नाक चोंदलेलं आणि तोंड बंद ही परिस्थिती ओढवून घेऊ नका. उलटी झाली तरी तोच धोका. डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय टेप नाही.

पाणी: नळीत गुरगुर, नाकावर थेंब

गरम ओलसर हवा गार नळीत आली की थेंब जमतात. ते मास्कमध्ये आले की कुशन निसरडं होतं आणि सुटतं. एसी चालू असलेली खोली आणि नळीवर थेट पंख्याचा झोत ही नेहमीची जोडी. पावसाळ्यात कोकणपट्टीत हवेतच एवढी ओल असते की ह्युमिडिफायर कमी केला तरी चालतो. विदर्भातल्या मे महिन्यात नेमकं उलटं. एकाच आकड्यावर वर्ष काढू नका.

मशीन डोक्यापेक्षा वर ठेवू नये. खाली असेल तर जमलेलं पाणी परत टाकीकडे वाहतं, वर असेल तर चेहऱ्यावर येतं. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्यांनी मशीन पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवावं, थेट फरशीवर नको, कारण ते खालची धूळ ओढतं. नळीला जुन्या फ्लॅनेलची पिशवी शिवून घातली तरी फरक पडतो. गरम होणारी नळी हा महागडा उपाय, तो शेवटी.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, रोज ताजं. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतात. बोअरच्या पाण्याने तर महिन्याभरात पांढरी पुटं चढतात. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी श्वासासाठी बनवलेलं नसतं. निलगिरीचं तेल, विक्स, अत्तर टाकीत कधीच नाही. ते वाफेबरोबर थेट फुफ्फुसात जातं.

फिल्टर, नळी, टाकी

फिल्टर काढून उजेडात धरा. राखाडी झाला असेल तर बदला. पांढरा कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. मशीनशेजारी मच्छर कॉइल किंवा उदबत्ती जळत असेल तर त्याचा धूर आत ओढला जातो, आणि तो सगळा फिल्टर अडवू शकत नाही.

साधी नळी बादलीत बुडवा, एक टोक तळहाताने बंद करून दुसऱ्यातून फुंका. बुडबुडे दिसले तर तिथे चीर आहे, बहुधा टोकाच्या रबरापाशी. गरम होणाऱ्या नळीला वीजजोड असतो, तिच्यावर हा प्रयोग करू नका. टाकीच्या झाकणाचं रबर निसटलं असेल तरी अहवालात मास्कची गळती म्हणूनच दिसतं. मास्कशी झटापट करून दमलेल्यांनी हे रबर एकदा बोट फिरवून बघावंच.

आता पैसे खर्चायची वेळ

वरचं सगळं करूनही गळती असेल तर आधी फक्त कुशन बदला, पूर्ण मास्क नव्हे. सिलिकॉन पिवळट किंवा मऊ-ढिलं झालं, धुऊनही चिकट लागलं, की ते संपलं. पट्टे ताणून ताणून शेवटच्या टोकाला आले असतील तर ते बदला.

त्यानंतर माप. मोठा घेतला की ऐसपैस बसेल ही समजूत चपलेसारखीच फसते. मोठ्या मास्कची कड डोळ्यांच्या कोपऱ्यापाशी किंवा ओठांच्या बाहेर जाते आणि गळते. कंपन्या मापाचा कागदी साचा देतात, तो चेहऱ्याला लावून बघा. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कचं माप तोंड किंचित उघडं ठेवून घ्यायचं. खालची कड खालच्या ओठाखालच्या खळग्यात बसली पाहिजे. दुसऱ्या प्रकाराचा मास्क घेताना विक्रेत्याकडे चार-पाच रात्रींची चाचणी मागा, आणि दुकानात आडवं होऊन, प्रेशरवर लावून बघायचा आग्रह धरा. त्यात संकोच नको, रोज रात्री तुम्हालाच झोपायचं आहे.

मास्कच्या क्लिपांत चुंबक असू शकतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर किंवा शरीरात धातूचं असं उपकरण असेल तर चुंबकाशिवायचाच मास्क घ्या.

मास्क झोपेत काढला जातो तेव्हा

याचं मूळ बहुतेकदा गळती असतं, पण नेहमी नाही. रॅम्पच्या सुरुवातीला 4 प्रेशरवर हवा कमी पडते, मोठ्या माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं. "प्रेशर जास्त आहे" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींना खरं तर सुरुवातीचं प्रेशर कमी पडत असतं. रॅम्पची सुरुवात 5 किंवा 6 वर आणता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

दिवसा जागेपणी मास्क लावून बसायची सवय फार कामी येते. आधी नळीशिवाय नुसता मास्क, मग मशीन चालू करून, रोज पंधरा-वीस मिनिटं, टीव्हीवरची मालिका बघत. डोकं त्याला धोका समजणं सोडतं. रात्री जाग आली आणि मास्क हातात असेल तर न चिडता एकदा परत लावायचा. रात्री किमान 4 तास, दहापैकी सात रात्री, हा मोजणीचा रूढ निकष आहे. सुरुवातीला तेवढं गाठलं तरी पुरे, पण थांबायची जागा ती नव्हे.

सोबत्याला काय विचारायचं, काय नाही

सोबती म्हणजे आधीपासून मशीन वापरणारा. त्याचा सगळ्यात जास्त उपयोग पहिल्या पंधरा दिवसांत होतो. फोनवर "गळतंय" एवढं सांगून काही कळत नाही. आडवं झाल्यावरचे तीन फोटो पाठवा: समोरून, बाजूने, डोक्यामागून पट्ट्यांचा. घरच्यांनी रात्री दोनच्या सुमारास आवाज येत असताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला तर त्याहून उत्तम. तोंड उघडं आहे की मास्क सरकला हे लगेच दिसतं.

आकड्यांची तुलना मात्र जपून. काही मशीन छिद्रांतून जाणारी हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात, त्यात मिनिटाला 24 लिटर ही मर्यादा प्रसिद्ध आहे. काही सगळी हवा एकत्र मोजतात. तुमचे 40 आणि त्यांचे 12 हे दोन वेगळ्या तराजूंवरचं वजन असू शकतं.

सोबत्याचं प्रेशर स्वतःच्या मशीनला लावायचं नाही, वापरलेलं कुशन उसनं घ्यायचं नाही. कुणी जुनं मशीन देऊ केलं तर ते कधी बनलं ते बघा. जून 2021 मध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा फोम झिजून कण हवेत येण्याच्या धोक्यामुळे आपली बरीच जुनी मशीन परत मागवली होती.

इथे थांबा

स्लीपच्या डॉक्टरांकडे जा:

- गळती आटोक्यात असूनही अहवालातला एएचआय (तासाला श्वास अडण्याच्या घटनांचा आकडा) आठवडाभर 5 च्या वर राहत असेल, किंवा त्यात 'सेंट्रल' किंवा 'क्लिअर एअरवे' घटना (घसा मोकळा असूनही श्वास थांबणं) जास्त दिसत असतील. अशा वेळी प्रेशर वाढवल्याने उलट बिघडू शकतं.
- नाकातून वारंवार रक्त, कान दुखणं, नाकावर कातडी फुटलेली जखम.
- मशीन वापरूनही सकाळी डोकं जड, धाप, गोंधळल्यासारखं. दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) असेल तर वाट बघू नका.
- वजन बरंच वाढलं किंवा घटलं, किंवा नाक-चेहऱ्याची शस्त्रक्रिया झाली.
- गाडी चालवताना डुलकी लागते. तोवर स्टिअरिंगला हात लावू नका.

छातीत दुखत असेल किंवा मास्क काढल्यावरही श्वास घेता येत नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालय, 108.

जळका वास, मोटरचा नवा घरघराट, हवेत काळे कण, किंवा मशीनच्या पोटात पाणी गेलेलं असेल तर प्लग काढा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. स्क्रू उघडू नका. जाताना मास्क, नळी, अडॅप्टर आणि एसडी कार्ड सोबत घ्या. मशीन पिशवीत घालण्याआधी टाकी काढून रिकामी करा. रिक्षात ते आडवं झालं की टाकीतलं पाणी सरळ मोटरमध्ये जातं.